काउंट पडलेले असताना ताप आला तर : रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या घरच्यांसाठी

केमोथेरपी होऊन दहा-अकरा दिवस झालेले असतात, रुग्ण घरी असतो, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास त्याचे अंग तापते. थर्मामीटरवर १०१ दिसते. घरात पॅरासिटामॉलची पट्टी असते, ओळखीच्या केमिस्टकडे प्रतिजैविकाचा (अँटिबायोटिकचा) ‘पाच दिवसांचा कोर्स’ मिळतो, आणि सोमवारी ओपीडीची तारीख असतेच, म्हणून ‘तोपर्यंत बघू’ असे ठरते. रुग्णालयातून घरी सोडताना नातेवाइकांना सूचना समजावून सांगण्याचे काम मी कित्येक वर्षे करत आले आहे, आणि अतिशय प्रेमाने, काळजीने घेतलेल्या याच निर्णयामुळे माणसे हातची गेलेली मी पाहिली आहेत. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, रुग्णाला होणारा जिवाणूंचा संसर्ग, त्यावरची प्रतिजैविके आणि ती निष्प्रभ का ठरतात, हे घरच्यांना नीट कळले तर त्या रात्री काय करायचे ते वेगळे सांगावे लागत नाही. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचना या लेखापेक्षा नेहमीच वरच्या मानाव्यात.

आधी काउंटचा हिशेब शिकून घ्या

काउंट म्हणजे रक्ततपासणीत दिसणारी पेशींची संख्या. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल या पेशी जिवाणूंशी सर्वांत आधी भिडतात. ल्युकेमियात अस्थिमज्जा रोगट पेशींनी भरलेली असल्यामुळे चांगल्या न्यूट्रोफिल आधीच कमी तयार होतात आणि केमोमुळे उरलेल्याही काही काळ नाहीशा होतात. १९६६ मध्ये अमेरिकेत बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवून दिले की न्यूट्रोफिल जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका जास्त असतो. आजही आपण तोच आकडा पाहतो. रिपोर्टवर तो वेगळा छापलेला नसेल, तर एकूण पांढऱ्या पेशींच्या संख्येला न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागावे. पांढऱ्या पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर उत्तर ३६० येते. या आकड्याला वॉर्डात एएनसी म्हणतात. निरोगी माणसात तो साधारण १५०० च्या वर असतो. ५०० च्या खाली गेला की धोका स्पष्टपणे वाढतो आणि १०० च्या खाली तो अतिशय गंभीर असतो. काही लॅब पांढऱ्या पेशी ‘१.२’ अशा हजारांत छापतात, म्हणून आकडा वाचताना एकक पाहावे.

हे दिवस आजारानुसार आणि औषधांनुसार बदलतात. बऱ्याच केमोंमध्ये काउंट सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास तळाला जातात. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन असा पहिला टप्पा दिला जातो, त्यानंतर काउंट तीन-चार आठवडे पडलेलेच राहू शकतात. कॅलेंडरवर केमोचा पहिला दिवस गोल करून ठेवा आणि धोक्याचे दिवस डॉक्टरांना विचारून त्यावरच खूण करा.

जिवाणू येतात कुठून

बाहेरून, असे बहुतेकांना वाटते, आणि म्हणून मास्क, डेटॉल आणि पाहुण्यांना बंदी यांवर सगळा भर दिला जातो. पाहुण्यांना आवर घालणे आणि हात धुणे योग्यच आहे, पण या रुग्णांच्या रक्तात शिरणारे बरेचसे जिवाणू त्यांच्या स्वतःच्या आतड्यातले असतात. केमोमुळे तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे अस्तर सोलवटून निघते आणि एरवी आतड्यात निमूट राहणारे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला थेट रक्तात उतरतात. तोंडातल्या फोडांमधून स्ट्रेप्टोकोकस जातात, तर छातीतल्या किंवा दंडातल्या लाइनवाटे (औषधे देण्यासाठी शिरेत बसवून ठेवलेल्या नळीवाटे) कातडीवरचे स्टॅफिलोकोकस आत शिरतात. भारतातल्या रुग्णालयांमध्ये ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर या ग्रॅम-निगेटिव्ह गटाचे प्रमाण जास्त आढळते, आणि हाच गट काही तासांत रक्तदाब खाली नेऊ शकतो. त्यामुळे संसर्ग झाला म्हणजे घरात कोणीतरी हलगर्जीपणा केला असे समजू नये. ‘मीच त्या दिवशी बाहेरून आले होते,’ असे म्हणून वर्षानुवर्षे स्वतःला कोसणारी एक आई मला माहीत आहे. तिच्या मुलाच्या रक्तात सापडलेला जिवाणू आतड्यात राहणारा होता.

घरची तयारी, ताप येण्याआधी

एक डिजिटल थर्मामीटर फक्त रुग्णासाठी ठेवावा. तापमान दिवसातून दोनदा, आणि अंग गरम लागले, थंडी वाजली किंवा रुग्ण मलूल वाटला तर लगेच मोजून वेळेसह वहीत लिहावे. तोंडात मोजताना आधी पंधरा-वीस मिनिटे चहा किंवा पाणी घेतलेले नसावे. तोंडात फोड असतील तर काखेत मोजावे. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी भरतो, तरी स्वतःहून त्यात अंश मिळवू नयेत. आकडा आणि मोजल्याची जागा जशीच्या तशी डॉक्टरांना सांगावी. गुदद्वारातून तापमान कधीही मोजू नये. एनिमा, गुदद्वारात ठेवायच्या गोळ्या आणि दंडावर-कुल्ल्यावर द्यायची इंजेक्शनेही डॉक्टरांच्या परवानगीशिवाय टाळावीत, कारण तिथे झालेली बारीकशी जखमही जिवाणूंना वाट देते आणि प्लेटलेट कमी असल्याने रक्त थांबत नाही.

यानंतर फाइल. माझ्या मते घरच्यांच्या हातातले सर्वांत मोठे औषध हेच आहे, आणि त्याचे कारण पुढे येईलच. फाइलच्या पहिल्याच पानावर, कोणत्याही अनोळखी डॉक्टरला एका मिनिटात वाचता येईल अशा अक्षरात, आजाराचे नेमके नाव, शेवटच्या केमोची तारीख, शेवटचा एएनसी आणि प्लेटलेट, रुग्णाचे वजन, औषधांची अ‍ॅलर्जी, लाइन आहे का आणि कोणती, मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, गेल्या तीन महिन्यांत कोणती प्रतिजैविके घेतली, आणि याआधी कोणत्या कल्चरमध्ये (जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) कोणता जिवाणू निघाला हे लिहावे. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात फक्त ‘पेनिसिलिन’ असे न लिहिता नेमके काय झाले होते ते लिहावे. लहानपणी गोळीने पोटात मळमळले होते ही अ‍ॅलर्जी नव्हे, आणि केवळ त्या एका शब्दामुळे उपचारातला एक उत्तम औषधगट बाजूला पडतो.

गावी परतणाऱ्यांसाठी आणखी एक काम आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये किंवा नागपूर, पुण्यात उपचार घेऊन रुग्ण जेव्हा लातूर, चंद्रपूर किंवा सिंधुदुर्गात परत जातो, तेव्हा ताप आला तर मुंबई गाठणे शक्य नसते. म्हणून सुटी मिळतानाच आपल्या डॉक्टरांकडून ‘ताप आल्यास’ असे पत्र मागून घ्यावे. त्यात रक्ताचे कल्चर घेऊन प्रतिजैविकाचा पहिला डोस कोणता आणि किती द्यावा, हे लिहिलेले असावे. हे पत्र घेऊन घराजवळच्या, रात्री उघड्या असणाऱ्या रुग्णालयात एकदा आधीच जाऊन भेटून यावे. तिथे शिरेतून देण्याची प्रतिजैविके आणि कल्चरच्या बाटल्या असतात का, हे विचारून घ्यावे.

ताप आल्यावरचा पहिला तास

एकदा १०१ किंवा त्याहून जास्त, अथवा १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस ताप तासभर टिकलेला, अशी वैद्यकीय व्याख्या आहे. घरच्यांनी तासभर थांबून खात्री करण्याची गरज नाही, १००.४ दिसताच फोन करावा आणि निघण्याची तयारी करावी. ताप नसतानाही हुडहुडी भरणे, विशेषतः लाइनमधून औषध किंवा फ्लश (नळी धुण्यासाठी सोडलेले सलाइन) दिल्यावर अर्ध्या तासात कापरे भरणे, बरळणे किंवा अति झोप येणे, हातपाय गार पडणे, श्वास जोरात चालणे, लघवी कमी होणे आणि अंग नेहमीपेक्षा गार लागणे ही सगळी तितकीच गंभीर लक्षणे आहेत. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पहिल्या टप्प्यात मुलांना आणि मोठ्यांनाही आठवडेच्या आठवडे स्टिरॉइड चालू असते. ते ताप दाबून टाकते, त्यामुळे अशा रुग्णाचे पोट उजवीकडे खाली दुखत असेल आणि थर्मामीटर साधारण दाखवत असेल, तरी घरी थांबू नये.

डॉक्टरांशी बोलण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये. ताप दबला की रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो ‘बरा दिसतो’ आणि त्याला रांगेत बसवले जाते, आत मात्र जिवाणू वाढतच असतात. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन तर रक्तस्रावाच्या भीतीने मुळीच देऊ नयेत.

वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर ‘ताप आलाय’ एवढेच सांगू नये, कारण तापाचे वीस रुग्ण तिथे आधीच बसलेले असतात. हे वाक्य पाठ करून ठेवा : “यांना रक्ताचा कॅन्सर आहे, केमो होऊन अकरा दिवस झाले, पांढऱ्या पेशी पडलेल्या आहेत आणि आता १०१ ताप आहे.” आणि फाइलचे पहिले पान पुढे करा. पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून पहिला डोस जावा, हे जगभर मान्य झालेले उद्दिष्ट आहे. ते मागायला संकोच वाटू देऊ नका. आवाज न चढवता पण पुन्हा पुन्हा आठवण करून देणाऱ्या नातेवाइकाबद्दल मला नेहमी आदर वाटतो.

डोस देण्याआधी रक्ताचे कल्चर घेतात, सहसा एक जोडी लाइनमधून आणि एक हातातून. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त लागते, त्यामुळे ‘आधीच रक्त चढवताय आणि एवढे काढताय कशाला’ असा प्रश्न येतो. रक्तात जिवाणू विरळ असतात आणि रक्त कमी घेतले तर ते सापडत नाहीत. दोन ठिकाणांहून घेण्याचेही कारण आहे : लाइनमधल्या रक्ताची बाटली हातातल्यापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झाली, तर संसर्गाचे मूळ लाइनमध्येच असण्याची दाट शक्यता असते. मात्र बाटल्या मिळत नाहीत म्हणून पहिला डोस अडवून ठेवणे चुकीचे आहे.

पहिले औषध अंदाजानेच दिले जाते

कल्चरची बाटली पॉझिटिव्ह व्हायला बहुधा एक-दोन दिवस लागतात आणि कोणते औषध चालेल हे कळायला त्याहून जास्त. तेवढा वेळ या रुग्णाजवळ नसतो. १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या शिम्फ आणि सहकाऱ्यांनी निकालाची वाट न पाहता ताप येताच दोन प्रतिजैविके सुरू करण्याची पद्धत मांडली. त्याआधी कल्चरचा निकाल हाती येईपर्यंत स्यूडोमोनासचे कितीतरी रुग्ण दगावलेले असत. आजही डॉक्टर पहिले औषध अंदाजानेच देतात : सेफेपाइम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफोपेराझोन-सल्बॅक्टम किंवा, रुग्ण गंभीर असेल तर, मेरोपेनेम. हा अंदाज त्या रुग्णालयात कोणते जिवाणू सापडतात आणि या रुग्णाचा पूर्वेतिहास काय, या दोन गोष्टींवर बांधलेला असतो. पहिली गोष्ट डॉक्टरांना माहीत असते. दुसरी तुमच्या फाइलमध्ये असते. मागच्या खेपेला मेरोपेनेमला न जुमानणारा क्लेब्सिएला निघाला होता हे त्या रात्री कळले तर औषध पहिल्याच तासात बदलते. नाही कळले तर दोन दिवस चुकीचे औषध जाते आणि ते दोन दिवस परत मिळत नाहीत.

प्रतिरोध म्हणजे नेमके काय

‘माझ्या वडिलांचे शरीर औषधाला दाद देत नाही,’ असे लोक म्हणतात. दाद देत नाहीत ते जिवाणू, शरीर नव्हे. काही जिवाणू असे विकर (एन्झाइम) तयार करतात की जे प्रतिजैविकाचा रेणूच कातरून टाकतात. रिपोर्टवर ‘ईएसबीएल’ लिहिलेले असेल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधे निकामी, आणि ‘कार्बापेनेमेज’ असेल तर मेरोपेनेमसुद्धा निकामी. यातलेच एनडीएम-१ हे विकर २००८ मध्ये एका स्वीडिश रुग्णात सापडले, ज्यावर आधी दिल्लीत उपचार झाले होते. हे गुणधर्म प्लाझमिड नावाच्या सुट्या डीएनए-कड्यांवर असतात आणि एका जातीचा जिवाणू ते दुसऱ्या जातीला देऊन टाकतो. म्हणजे आपण सर्दीसाठी घेतलेल्या प्रतिजैविकाने आतड्यातले औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात, न बळी पडणारे उरतात आणि फोफावतात, आणि काही महिन्यांनी केमोने अस्तर सोलवटले की रक्तात उतरतात ते हेच उरलेले.

असा जिवाणू निघाला तरी सगळे संपले असे नाही. कोलिस्टिन आहे, पण ते मूत्रपिंडाला जड जाते म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) वारंवार तपासावे लागते. एनडीएमसाठी सेफ्टाझिडाइम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम अशी जोडी देतात : अ‍ॅझट्रिओनामला एनडीएम कातरू शकत नाही, पण त्याच जिवाणूतले इतर विकर कातरतात, आणि त्या इतरांना अ‍ॅव्हिबॅक्टम अडवते. हे उपचार महाग आहेत, म्हणून रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटावे, बिल झाल्यावर नव्हे. ज्या कोलिस्टिनवर या रुग्णांचा जीव टांगलेला असतो तेच कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळले जात होते आणि त्यावर आपल्याकडे २०१९ मध्ये बंदी आली, हे आठवले की आजही मन विषण्ण होते.

सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट वाचताना

सापडलेल्या जिवाणूवर कोणते औषध चालेल हे या रिपोर्टवरून कळते. त्यावर औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एस, आय किंवा आर अशी खूण असते. एस म्हणजे औषध लागू पडण्याची शक्यता चांगली, आर म्हणजे जिवाणू प्रतिरोधक, आणि आय या मधल्या वर्गात डोस व संसर्गाची जागा पाहून डॉक्टर ठरवतात. शेजारी एमआयसी नावाचा आकडा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवायला लागणारे औषधाचे किमान प्रमाण, असतो, आणि तिथे जवळजवळ प्रत्येक सुशिक्षित नातेवाईक फसतो. ‘या औषधाचा आकडा ०.५ आहे आणि त्याचा ४, मग ०.५ वालेच द्या ना,’ असा आग्रह मी अनेकदा ऐकला आहे. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असल्याने दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

दुसरा गोंधळ शौचाच्या किंवा गुदद्वाराच्या स्वॅबचा. त्यात प्रतिरोधक जिवाणू निघाला तर तो आतड्यात वस्तीला आहे एवढेच कळते. संसर्ग झाला असा त्याचा अर्थ नाही, त्यासाठी लगेच औषधही लागत नाही. पण ती माहिती पहिल्या पानावर चढलीच पाहिजे. आणि कल्चर निगेटिव्ह आले म्हणजे संसर्ग नव्हताच असेही नाही. काउंट पडलेले असताना येणाऱ्या तापांपैकी साधारण १० ते २५ टक्के वेळाच रक्तात जिवाणू सापडतात.

वॉर्डात असताना

डोसच्या वेळा पाळल्या जातात का याकडे लक्ष ठेवावे, कारण ही औषधे रक्तात ठरावीक पातळी टिकली तरच काम करतात. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम मुद्दाम तीन-चार तास हळूहळू सोडतात. रुग्ण कंटाळला म्हणून सलाइनचे चाक फिरवून बाटली लवकर संपवणारे हात मी स्वतः धरले आहेत. व्हॅन्कोमायसिन वेगाने गेले तर चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते. म्हणून चाकाला हात लावू नये. ताप उतरायला चार-पाच दिवस लागणे या रुग्णांत असामान्य नाही; रक्तदाब, लघवी आणि शुद्ध ठीक असेल तर केवळ तापाच्या आकड्यावरून ‘औषध बदला’ असा धोशा लावू नये. चार ते सात दिवसांनंतरही ताप राहिला तर डॉक्टर बुरशीचा विचार करतात. उलट कल्चर पाहून डॉक्टर भारी औषध काढून साधे देऊ लागले तर घाबरू नये, तो उपचाराचा उत्तम भाग आहे.

शौचाच्या जागी दुखत असेल तर ते सांगावे. आपल्याकडे थोरली माणसे आणि बायका हे लाजेने लपवतात आणि राउंडला ‘सगळे ठीक’ म्हणतात. काउंट नसताना तिथे पू दिसत नाही, सूज दिसत नाही, फक्त दुखते, आणि तेवढ्यावरच निदान करावे लागते.

रोजचे नियम, थोडक्यात

साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुणे हे सर्वांत परिणामकारक. लाइनला हात लावण्याआधी तर दोनदा. अन्न ताजे, पूर्ण शिजलेले आणि गरम असावे, पाणी उकळलेले असावे, आणि कापून ठेवलेली फळे, बाहेरचा रस व कच्ची चटणी टाळावी. केळे, संत्रे अशी सोलून खायची फळे चालतात का आणि दह्याचे काय, हे आपल्या केंद्रात विचारावे, कारण पद्धती वेगवेगळ्या आहेत. दात मऊ ब्रशने घासावेत.

प्रतिजैविकांचे मात्र थोडक्यात सांगता येत नाही. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मधली प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी आहे आणि केमिस्टने त्यांची नोंद ठेवायची असते, तरी ती मिळतात हे आपण सगळे जाणतो. रुग्णासाठी ती घेऊ नयेतच, पण घरातल्या इतरांनीही सर्दी-खोकल्याला घेऊ नयेत, कारण एका घरात राहणाऱ्यांचे आतड्यातले जिवाणू एकमेकांकडे जातात. डॉक्टरांनी प्रतिबंधासाठी लेव्होफ्लॉक्सासिन किंवा कोट्रायमॉक्साझोल दिले असेल, तर ते स्वतःहून बंद करू नये आणि मनाने वाढवूही नये.

सुटी झाल्यावर डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा फक्त ‘प्रतिजैविके दिली’ एवढेच लिहिलेले असते. निघण्यापूर्वी कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीची प्रत वेगळी मागून घ्या, औषधाचे नाव आणि किती दिवस दिले ते नर्सकडून लिहून घ्या, आणि पुढच्या केमोला दाखल होण्याआधी फाइलचे पहिले पान नव्याने लिहून काढा. त्याची एक प्रत घरच्या दोन माणसांच्या फोनमध्ये असू द्या.